जत्रेतले पाळणे आणि मनोरंजन उद्याने : कोरोनाची साथ पुरती ओसरलेली नसताना ती सुरक्षितपणे उघडायची कशी?

उद्यमबागकर | २७ जुलै २०२१, रात्री ९.१५

राज्य सरकारच्या नव्या आदेशानुसार रविवारपासून, म्हणजे २५ जुलैपासून, कर्नाटकातील मनोरंजन उद्याने उघडण्यास परवानगी मिळाली आहे. पाण्याचे खेळ मात्र बंदच राहतील. देवळे दर्शनासाठी खुली झाली असली तरी जत्रा, उत्सव आणि मिरवणुका यांना मनाई कायम आहे. याचा आपल्या भागापुरता अर्थ असा, की ज्याच्या जागेला कुंपण आणि फाटक आहे तो कुलूप काढू शकेल. पण जो आपला आकाशपाळणा ट्रकवर लादून चिंचलीच्या मायाक्कापासून सौंदत्तीच्या यल्लम्मापर्यंत गावोगाव फिरतो, त्याचा ट्रक दारातच उभा राहील. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या बहुतेक मुलांना पाळण्याची पहिली ओळख जत्रेतच होते, त्यामुळे दोन्हींचा विचार एकत्र व्हावा या हेतूने हा धागा काढत आहे.

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीत सुरक्षा विभागात काम करतो. साथीत कारखाने बंद झाले आणि पुन्हा सुरू झाले तेव्हा जे पाहिले, त्यावरून मला वाटते की उद्याने उघडताना आपले लक्ष चुकीच्या जागी जाण्याचा मोठा धोका आहे. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने ८ ऑक्टोबर २०२० रोजी मनोरंजन उद्यानांसाठी नियमावली काढली होती. तिच्यात सहा फुटांचे अंतर, मास्क, तापमान तपासणी, ऑनलाइन तिकिटे, खानपानाच्या जागेत निम्मीच आसने, वातानुकूलन २४ ते ३० अंशांच्या दरम्यान आणि वारंवार हात लागणाऱ्या जागांची १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटने स्वच्छता, असे बरेच काही आहे. यांतले फाटकावरची तापमान बंदूक आणि फवारणीचा पंप हे दोन उपाय नजरेत भरतात, त्यांचे फोटो निघतात आणि सगळा भर त्यांच्यावरच राहतो. माझ्या मते खरा धोका तीन ठिकाणी आहे : पाळण्याच्या रांगेत, छताखालच्या बंद खेळांत आणि कित्येक महिने न हललेल्या यंत्रात. पाळण्यात माणूस तीन-चार मिनिटे बसतो आणि तेही उघड्या वाऱ्यावर. रांगेत मात्र तो अनोळखी माणसाच्या मानेवर श्वास सोडत अर्धा अर्धा तास उभा असतो.

बाहेरच्या देशांचा अनुभव थोडक्यात सांगतो. शांघायचे डिस्नेलँड २५ जानेवारी २०२० रोजी बंद झाले आणि ११ मे रोजी उघडले. एरवी दिवसाला ८० हजार माणसे सामावणाऱ्या त्या उद्यानाला सरकारने ३० टक्क्यांची, म्हणजे २४ हजारांची मर्यादा घातली होती आणि चालकांनी त्याहूनही कमी माणसे आत घेऊन सुरुवात केली. हाँगकाँगचे उद्यान १८ जून २०२० ला उघडले, रुग्ण वाढताच १५ जुलैला पुन्हा बंद झाले, २५ सप्टेंबरला उघडले आणि डिसेंबरात तिसऱ्यांदा बंद झाले. कॅलिफोर्नियातील मूळ डिस्नेलँडने तर १४ मार्च २०२० पासून यंदाच्या ३० एप्रिलपर्यंत दारच उघडले नाही. म्हणून मला असे वाटते की आपल्याकडच्या कुठल्याही परवानगीत, कोणत्या परिस्थितीत आणि किती तासांत पुन्हा बंद करायचे, हे उघडण्याआधीच लिहिलेले असावे.

जाणकारांनी, विशेषतः या धंद्यातल्या आणि वैद्यकीय क्षेत्रातल्या सदस्यांनी, कृपया सविस्तर लिहावे.

शहापूर_पेठ | २७ जुलै २०२१, रात्री १०.४०

दादा, विषय तुम्ही नीट मांडला आहे, पण माझा मुळातच विरोध आहे. माझी दोन्ही मुले दीड वर्षापासून घरात बसून फोनवर शाळा शिकत आहेत. धाकटीने तर पहिलीचा वर्ग अजून पाहिलेला नाही. ज्या राज्यात शाळेचे दार बंद आहे, तिथे पाळण्याचे फाटक आधी उघडावे, हे आई म्हणून मला पटत नाही. शाळेत मुले ओळखीची असतात, कोण आजारी आहे ते शिक्षकांना कळते, रोज तीच मुले येतात. उद्यानात कोण कुठून आला आहे याचा पत्ता नसतो. आधी शाळा, मग अंगणवाडी आणि त्यानंतर करमणूक, असा क्रम असायला हवा होता.

बालरोग_बेळगाव | २८ जुलै २०२१, सकाळी ७.०५

ताई, क्रमाबाबत मी तुमच्याशी पूर्ण सहमत आहे. शाळा बंद राहिल्याने मुलांची उंची-वजने, झोप आणि बोलणे यांवर काय परिणाम झाला आहे, हे दवाखान्यात रोज दिसते. पण उद्याने आता उघडलीच आहेत, तर ती कशी चालावीत याकडे पाठ फिरवून चालणार नाही.

आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) चौथ्या सिरो सर्वेक्षणाचे निष्कर्ष २० जुलैला जाहीर झाले. देशात ६७.६ टक्के लोकांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली. ६ ते ९ वर्षांच्या मुलांत हे प्रमाण ५७.२ टक्के आणि १० ते १७ वयोगटात ६१.६ टक्के होते. म्हणजे घरात बसूनही निम्म्याहून अधिक मुलांना संसर्ग होऊन गेला आहे आणि बहुतेकांना तो कळलाही नाही. यावरून ‘आता काही भीती नाही’ असा अर्थ कृपया काढू नये. मुलांसाठी अजून लस नाही, आणि मूल स्वतः बरे राहून घरातल्या आजीला संसर्ग देऊ शकते. केंद्राच्या नियमावलीतही ६५ वर्षांवरील व्यक्ती, गर्भवती, जुने आजार असलेले आणि १० वर्षांखालील मुले यांनी घरी राहावे, असा सल्ला आहे. हा सल्ला तिकीट खिडकीवर मोठ्या अक्षरांत मराठीत आणि कन्नडात लिहिलेला असावा, कारण तो वाचून घरी परतणारी दोन कुटुंबेसुद्धा महत्त्वाची आहेत.

तापमान बंदुकीविषयी उद्यमबागकरांनी लिहिले ते बरोबर आहे. लक्षणे दिसण्याच्या आदल्या एक-दोन दिवसांत माणूस इतरांना संसर्ग देतो आणि तेव्हा त्याला ताप नसतो. ऑर्लँडोच्या डिस्ने उद्यानाने मे महिन्यात पाहुण्यांचे तापमान पाहणे थांबवले. पृष्ठभागांबाबतही समज बदलली आहे : अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने या एप्रिलमध्ये स्पष्ट केले की दूषित वस्तूला एकदा हात लागल्याने संसर्ग होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहून कमी आहे. संसर्ग पसरतो तो हवेतून, विशेषतः बंद जागेत, आणि ओरडताना, हसताना, गाताना तोंडातून बारीक थेंब कितीतरी पटींनी जास्त बाहेर पडतात. म्हणूनच जपानमधील उद्यानांच्या संघटनांनी गेल्या वर्षी पाहुण्यांना पाळण्यात किंचाळू नका अशी विनंती केली, आणि फुजी-क्यू हायलँडच्या अधिकाऱ्यांनी मास्क लावून, चकार शब्द न काढता रोलर कोस्टरमध्ये बसून दाखवले. आपल्याकडच्या मुलांकडून ही अपेक्षा करणे कठीण आहे. त्यामुळे एका डब्यात एकच कुटुंब आणि पुढचा डबा रिकामा, हा साधा उपाय मला अधिक भरवशाचा वाटतो.

भूतबंगला, आरशांचे घर, छोटे थ्रीडी चित्रपटगृह, असे बंद खोलीतले खेळ मात्र निदान यंदा उघडू नयेत. तिथे कितीही फवारणी केली तरी हवा तीच राहते.

आकाशपाळणा | २८ जुलै २०२१, रात्री ११.२०

मी चिकोडी तालुक्यातला. आमच्या घरात पाळण्यांचा धंदा वडिलांपासून आहे. एक मोठा आकाशपाळणा, एक ब्रेक डान्स, एक जहाज आणि लहान मुलांची रेल्वे, असा आमचा संच आहे. या विषयावर आम्हाला कोणी विचारेल असे वाटले नव्हते, म्हणून आज वेळ काढून सविस्तर लिहितो.

आमचा हंगाम माघापासून वैशाखापर्यंत. गेल्या वर्षी ऐन हंगामात मार्चमध्ये टाळेबंदी आली. यंदा सुरुवातीला एक-दोन ठिकाणी लहान पाळणे उभे केले, तेवढ्यात एप्रिलच्या अखेरीस पुन्हा सगळे बंद झाले. संच ताडपत्रीखाली पडून आहे. परवानगी मिळाली की दुसऱ्या दिवशी पाळणा फिरेल, असे लोकांना वाटते, पण तसे होत नाही आणि होऊही नये. पावसाळ्यात ताडपत्रीच्या आत दमट हवा कोंडते. बेअरिंगमधले ग्रीस घट्ट होते, वायर रोपच्या आतल्या तारा बाहेरून चांगल्या दिसत असताना गंजतात, पॅनेलमधल्या वायरी उंदीर कुरतडतात, ब्रेकचे लायनर चिकटून बसते. डब्याच्या दांडीला जी खिटी असते, जिच्यावर माणसाचा जीव असतो, तिची स्प्रिंग गंजली तर खिटी बसल्यासारखी दिसते, पण पूर्ण आत जात नाही. आमचे वडील प्रत्येक खिटी लावून दांडी दोन्ही हातांनी वर ओढून पाहत आणि मगच कामगाराला पुढच्या डब्याकडे जाऊ देत. आम्हीही तेच करतो.

आता एक डबा सोडून एक भरण्याविषयी. डॉक्टरसाहेबांचा सल्ला मान्य आहे, पण आकाशपाळणा एका अंगाला जड झालेला चालत नाही. आमच्या पाळण्याला १६ डबे आहेत. एकाआड एक भरले तर आठ डबे समोरासमोर येतात, तोल राहतो. अडचण अशी की एका डब्यात पाच जणांचे कुटुंब आणि समोर नवरा-बायको दोघेच, असे झाले की मोटरवर आणि ब्रेकवर ताण येतो. त्यामुळे रांगेतूनच कुटुंबांच्या जोड्या लावून आत सोडावे लागेल आणि त्यासाठी खटक्यावरच्या माणसाशिवाय आणखी एक जाणता माणूस खाली उभा हवा. म्हणजे गल्ला निम्मा आणि माणूस एक जास्त. डिझेल तेवढेच लागते, जागेचे भाडे तेवढेच, ट्रकचा हप्ता तर कोणी थांबवला नाही. आमचे कितीतरी कामगार गावाकडे शेतावर किंवा वीटभट्टीवर गेले. जुना, हात बसलेला माणूस परत आला नाही तर नवख्याच्या हाती खटका द्यावा लागेल, याची मला विषाणूपेक्षाही जास्त काळजी वाटते.

शेवटी एक विचारतो. गेल्या जानेवारीत एका ठिकाणी आम्हाला सगळ्या दांड्या आणि आसने तासातासाला हायपोक्लोराइटने पुसायला लावली होती. महिन्याभरात स्प्रिंगा तांबूस झाल्या. नियम पाळावा तर लोखंड जाते आणि लोखंड सांभाळावे तर दंड होतो. काय करावे?

उद्यमबागकर | २९ जुलै २०२१, रात्री ८.५०

अण्णा, तुमच्या या एका प्रतिसादामुळे धागा काढल्याचे सार्थक झाले. हायपोक्लोराइट धातूला, विशेषतः स्प्रिंग आणि ॲल्युमिनियमच्या भागांना खातो. केंद्राच्या सार्वजनिक जागांच्या निर्जंतुकीकरणाच्या सूचनांतच धातूच्या पृष्ठभागांसाठी ७० टक्के अल्कोहोलचा पर्याय दिलेला आहे. दांड्या साबणाच्या पाण्याच्या फडक्याने पुसून कोरड्या केल्या तरी पुरेसे आहे, आणि हायपोक्लोराइट स्वच्छतागृह व जमिनीसाठी ठेवावा. सूचनेची ती प्रत छापून खिशात ठेवा, म्हणजे तपासणीला येणाऱ्याला दाखवता येईल. मात्र सॅनिटायझरचे कॅन जनरेटरजवळ किंवा पॅनेलखाली कधीही ठेवू नका. अल्कोहोल पेटायला एक ठिणगी पुरते. फाटकातून येणाऱ्या माणसांच्या अंगावर फवारणी करू नये, हे तर मंत्रालयाने एप्रिल २०२० मध्येच सांगितले होते.

यंत्राबाबत माझी ठाम मागणी आहे, की साथीच्या नियमांच्या पालनाचे प्रमाणपत्र आणि यंत्राच्या सुरक्षिततेचे प्रमाणपत्र ही दोन्ही परवानगीच्या वेळी सारख्याच गांभीर्याने पाहिली जावीत. खेळ आधी रिकामा फिरवावा, नंतर डब्यांत माणसाच्या वजनाइतकी वाळूची पोती ठेवून फिरवावा, मध्येच वीज तोडून ब्रेक लागतो का ते पाहावे आणि हे सर्व तारखेसह वहीत लिहावे. कारखान्यात बराच काळ थांबलेली क्रेन आम्ही याच पद्धतीने सुरू करतो.

मलप्रभेकाठी | ३० जुलै २०२१, दुपारी ३.३०

खानापूर. मी पाणीपुरवठ्याच्या कामात आहे. वॉटर पार्क बंद राहणार म्हणून त्यांचा विषयच सोडून देऊ नये, असे मला वाटते. बंद तलावातले साचलेले पाणी ही डेंगीच्या डासांची जागा आहे आणि सध्याच्या पावसात आजूबाजूच्या वस्तीला त्याचा त्रास होईल. तलाव कोरडे ठेवावेत किंवा पाणी फिरते आणि क्लोरीनयुक्त ठेवावे. पुढे परवानगी मिळेल तेव्हा सांगायचे म्हणजे, नीट क्लोरीन असलेल्या पाण्यातून हा विषाणू पसरल्याचा पुरावा नाही. मुक्त क्लोरीन किमान १ पीपीएम (लिटरला १ मिलिग्रॅम) आणि पीएच ७ ते ७.८ यांच्या दरम्यान राहिला पाहिजे. दिवसातून एकदा नव्हे, गर्दी असताना दर काही तासांनी तपासावे, कारण माणसे जितकी जास्त उतरतात तितका क्लोरीन लवकर संपतो. महिनोन्महिने पाणी साचलेल्या नळ्या आणि फवारे यांत लेजिओनेला हा जिवाणू वाढतो, तोही फुप्फुसांचाच आजार देतो. त्यामुळे नळ्या पूर्ण धुऊन काढल्याशिवाय फवारे सुरू करू नयेत. धोका पाण्यापेक्षा कपडे बदलण्याच्या खोलीत आणि घसरगुंडीच्या जिन्यावर अधिक आहे. मास्क भिजतो आणि मग कोणीच लावत नाही.

शहापूर_पेठ | ३० जुलै २०२१, रात्री ९.००

आकाशपाळणा दादांचे लिहिणे वाचून वाईट वाटले. माझे मत शाळेच्या बाजूनेच आहे आणि राहील. पण एक विचारते : अंतर ठेवा असे नुसते सांगून कोणी ऐकत नाही, हे गणपत गल्लीच्या बाजारात आपण रोज पाहतो. पाळण्याच्या रांगेत ते कसे साधणार?

बालरोग_बेळगाव | ३१ जुलै २०२१, सकाळी ६.५०

ताई, रांगच नको, हे त्याचे उत्तर आहे. बँकेत देतात तसा वेळ लिहिलेला बिल्ला द्यावा आणि कुटुंबाने मैदानात मोकळेपणी फिरून आपल्या वेळेला यावे. रांग ठेवायचीच असेल तर हिशोब सोपा आहे : वीस कुटुंबे सहा-सहा फुटांवर उभी करायची तर १२० फूट लांबीची जागा लागते. तेवढी जागा नसेल तर वीस कुटुंबे उभी करू नयेत. सीपीएड मैदानासारख्या उघड्या जागेत हे सहज जमेल; जत्रेत देवळाच्या आवारात, नारळ-खेळण्यांच्या दुकानांच्या मधल्या बोळात पाळणा लावला तर जमणार नाही. म्हणून जत्रांना पुढे परवानगी मिळेल तेव्हाही पाळण्यांचे मैदान दर्शनाच्या वाटेपासून वेगळे आणि दूर असावे, असे मला सुचवावेसे वाटते.

चंदगडी | २ ऑगस्ट २०२१, रात्री ८.१०

सीमेपलीकडचा एक प्रश्न कोणीच मांडला नाही. आम्ही चंदगड तालुक्यातले लोक दवाखाना, बाजार, कॉलेज, सगळ्यासाठी बेळगावला येतो. आमच्या मुलांची करमणूकही तिथेच. ३१ जुलैच्या परिपत्रकाने महाराष्ट्रातून येणाऱ्याला, लस घेतलेली असली तरी, ७२ तासांच्या आतला आरटीपीसीआर अहवाल सक्तीचा केला आहे. कोल्हापूर जिल्ह्यातली रुग्णसंख्या पाहता तपासणी नको असे मी म्हणणार नाही. पण कोगनोळीच्या नाक्यावरून गाडीने येणारा प्रवासी आणि शिनोळीहून रोज कामाला येणारा माणूस यांना एकच नियम लावला की लोक आडवाटेने येतात आणि मग कोण आले, कोण गेले याची नोंदच राहत नाही. कॅलिफोर्नियाच्या उद्यानाने सुरुवातीला फक्त राज्यातल्या रहिवाशांना प्रवेश दिला होता, असे वाचले. आपल्याकडे असे केले तर पाच मैलांवरचा माणूस परका आणि बेंगळुरूचा माणूस स्थानिक ठरेल. साथीच्या दृष्टीने राज्याची हद्द पाहण्यापेक्षा तालुक्यातला संसर्ग पाहावा आणि तिकिटावर गाव व फोन क्रमांक नोंदवावा. पुढे कोणी बाधित निघाला तर बेळगाव आणि कोल्हापूर या दोन्ही जिल्ह्यांच्या आरोग्य खात्यांना ती यादी मिळावी. आजवर ही माहिती नाक्यावरच अडते.

आकाशपाळणा | ३ ऑगस्ट २०२१, रात्री १०.३०

चंदगडी बंधूंचे म्हणणे आमच्या कामगारांनाही लागू आहे. आमची निम्मी माणसे कोल्हापूर-सांगली भागातली. गेल्या महिन्यातल्या पुरात यमगर्णीजवळ महामार्गावर वेदगंगेचे पाणी आले तेव्हा दोघे पलीकडेच अडकले, आता अहवालासाठी अडले आहेत. पाळण्यावरच्या प्रत्येक माणसाला लस आधी मिळाली पाहिजे, कारण दिवसभरात तो शेकडो लोकांच्या दांड्या लावतो आणि त्यांच्या तोंडासमोर वाकतो.

उद्यमबागकर | ७ ऑगस्ट २०२१, सकाळी ९.२०

काल रात्री जाहीर झाल्याप्रमाणे बेळगावसह सीमेवरच्या आठ जिल्ह्यांत शनिवार-रविवारची संचारबंदी लागू झाली आहे : शुक्रवारी रात्री ९ ते सोमवारी पहाटे ५. म्हणजे उद्याने उघडी असली तरी आपल्या जिल्ह्यात ती आठवड्याचे पाचच दिवस चालतील आणि ज्या दोन दिवसांवर त्यांचा गल्ला अवलंबून असतो तेच गेले. धाग्याच्या सुरुवातीलाच मी म्हटले होते की बंद करण्याचे निकष आधी लिहावेत. ते लिहिलेले असते तर चालकांनी या आठवड्याचे डिझेल आणि खाण्याचा माल भरला नसता. चंदगडींची तालुकानिहाय नोंदीची सूचना, डॉक्टरांची वेळेच्या बिल्ल्यांची सूचना आणि यंत्रतपासणीचा मुद्दा, हे तिन्ही मी जिल्हाधिकारी कार्यालयाला पाठवायच्या निवेदनात घेत आहे. मसुदा उद्या इथे टाकतो. सह्या करू इच्छिणाऱ्यांनी कळवावे.

आकाशपाळणा अण्णा, तुमच्या खिट्या आणि मुख्य शाफ्ट यांची डीपी (डाय पेनिट्रंट) टेस्ट करून घ्यावी असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. बारीक चीर डोळ्यांना दिसत नाही, पण लाल रंगाचे द्रव लावून पुसले आणि वर पांढरी पूड मारली की ती रेघ उमटते. आमच्याकडे हे काम जाणणारे एक सहकारी आहेत आणि ते विनामोबदला यायला तयार आहेत.

आकाशपाळणा | ७ ऑगस्ट २०२१, दुपारी १.०५

साहेब, फार उपकार होतील. सोमवारी सोयीचे आहे का? शाफ्ट खाली उतरवून ठेवतो. हंगामासाठी रंगकाम करायला माणूस सांगितला आहे, ते आधी उरकून घेऊ का?

उद्यमबागकर | ७ ऑगस्ट २०२१, दुपारी १.३०

रंग अजिबात लावू नका, असलेला जुना रंगही तपासायच्या जागेवरून खरवडून काढा, नाहीतर चीर झाकली जाते. खिट्या रॉकेलमध्ये धुऊन पूर्ण कोरड्या करा, तेलाचा अंश राहता कामा नये, आणि कोणती खिटी कोणत्या डब्याची त्याची खूण बांधून ठेवा. आम्ही सोमवारी दहापर्यंत पोहोचतो. पाऊस असेल तर शेडमध्ये काम करू. वाळूची पोती मात्र आधीच भरून झाकून ठेवा, भिजली तर वजनाचा हिशोब चुकतो.